खळ

दुपारपाळी लढाईसाठी काढली होती.
इंदोऱ्याच्या बाया जाताना उन्हात,
येताना कंदिलाले काळा कागद बांधून.
लढाई कुठं आहे ते आम्हाले कोणी दाखवलं नाही.
लढाई म्हणजे खाकी.
बॉबिनवर खाकी, नखात खाकी,
नाक शिंकरलं तर पदराले खाकी.
पार्बता म्हणे, आता बाई दूधही खाकी येईन.
ती हसली नाही. तिचं पोट्टं पाळण्याच्या खोलीत
अफूचं बोट चाटून झोपलेलं.

साहेबाच्या दाराले वाळ्याची ताटी,
तिच्यावर पाणी मारायले एक माणूस वेगळा.
आमच्या खात्यात खिडक्यासुद्धा बंद,
वाऱ्यानं सूत तुटते म्हणून.

किती वार निघे, टाइमकीपर पाटीवर लिहे.
इकडं माह्यात अन् नणंदेत मिळून दीड लुगडं.
ती सकाळपाळीले, मी दुपारपाळीले.
दाराआड लुगडं हातोहात जाय,
घामानं ओलं,
तिच्या अंगाचं गरम.

बर्डीवरून एकदा सायत्रानं फुटाणे आणले.
पुडीचा कागद जाड, गुळगुळीत,
सोनेगावच्या विमानवाल्या गोऱ्यांच्या रद्दीतला असन.
फुटाणे संपले अन् आत एक बाई निघाली.
पँट घातलेली. डोक्याले फडकं, गाठ समोर.
हातात बंदुकीसारखं काहीतरी,
विमानाच्या पोटाले टेकवलेलं.
अमेरिकेची आहे, टाइमकीपर म्हणाला, खिळे मारून राहिली.

आम्ही आधी तिची नखं पाहिली.
स्वच्छ.
फोटोसाठी धुतली असन, सायत्रा म्हणे.
इले दिवसाचे किती देत असन, पार्बता म्हणे.
कोणालेच माहीत नव्हतं.
मी तिचं कोपर पाहून राहिली होती.
खांदा भरून आल्यावर बाई जसं उचलते ना,
जरासं बाहेर, जरासं वर,
तसं.
ते कोणी शिकवून येत नाही.

गेटावर ठमाबाई झडती घे,
चोळीत हात घालून चिंध्या शोधे.
त्या दिवशी कागद लागला तिच्या हाताले.
'ही कोण वं?'
'माही बहीण. दूर दिली.'
तिनं उलटून पाहिलं, मागं सिगारेटची जाहिरात.
'पत्र येते का तिचं?'
'नाही येत.'
कागद घडी करून
तिनं होता तिथंच परत ठेवला.

कुडाले चिकटवायचं तर खळ पाहिजे.
मिलमध्ये खळीचे हौद भरलेले,
सुताले पाजायले पीठ होतं,
अन् आम्ही कंट्रोलच्या रांगेत
जवारीच्या किलकिल्या दाण्यासाठी.
चिंधीत लपवली असती तर सापडली असती.
मी तोंडात धरून आणली.
बोल काही, ठमाबाई म्हणे. मी मान हलवली.
चरबीचा वास होता तिले, तरी
गोळीबार चौकापर्यंत अर्धी
गिळली गेली.

लढाई संपली ते भोंग्यानं सांगितलं.
महिन्याभरानं टाइमकीपरनं नावं वाचली.
पार्बता कोळशाच्या वखारीत लागली,
सायत्रा विड्या वळायले बसली,
नणंदेचं लग्न झालं, लुगडं तिच्यासंगं गेलं.
तिकडं हिचंही नाव
कोणी असंच वाचलं असन का,
मी कधीमधी कुडाले इचारत होती.

मग झुरळं आली खळीवर.
आधी विमान खाल्लं. मग फडक्याची गाठ,
मग हसू.
कोपर तेवढं राहिलं गंज दिवस.
तिथं खळ लागली नव्हती,
जेवढी मी गिळली, तेवढीच
कमी पडली होती.